उथळ पाण्यासाठी गळ निवडताना

मासा मी आयुष्यात खाल्ला नाही. पकडायला मात्र एकदा गेलो, आणि जे पकडलं तो मासा नव्हता. ही हकिकत मी आमच्या टेक्सासमधल्या अर्विंगच्या मित्रमंडळीत, कोणाच्या साखरपुड्यात, कोणाच्या साठीत, निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले आहेत. तिची लांबी ठरलेली, थांबायच्या जागा ठरलेल्या. नवीन लग्न होऊन आलेल्या मुली तर डोळे पुसतात. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की कागदावर ती तशी उतरत नाही, कारण कागद हसत नाही. नुसता पाहत राहतो. तेव्हा या खेपेला जशी घडली तशी लिहितो. वाचणाऱ्याला मी नावडता झालो तर माझा इलाज नाही. त्या वर्षातला मी आज मलाही फारसा आवडत नाही. त्या वर्षी मात्र मी मला अतोनात आवडत असे.

युनिव्हर्सिटीजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिघे राहत होतो. थोरला नाना. वय जेमतेम तिशीचं, पण पीएचडीचं सातवं वर्ष चालू होतं आणि डोक्यावरचे केस पहिल्या तीन वर्षांतच संपले होते, त्यामुळे कोल्हापूरच्या त्या माणसाला सगळं कॅम्पस नाना म्हणे. दुसरा दिवाकर, गोंदियाकडच्या एका खेड्यातला. उंच, सावळा, हळू बोलणारा, आणि बोलला तरी दोन वाक्यांत संपणारा. तिसरा मी, श्रीपाद, पुण्याचा. माझ्या नावाचं मित्रांनी काय केलं असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण पुढे लागणार आहे म्हणून लिहून टाकतो: पाद्या. खिडकीतला एसी शेतातल्या पंपासारखा धडधडे, खालच्या लाँड्रीतलं मशीन कपडे पिळायला लागलं की आमची भांडी कट्ट्यावरून सरकत, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे छताला लावलेला धुराचा अलार्म. टेक्सासमध्ये मोहरी तडतडली की तो किंचाळे. म्हणून घरात नियम होता: एकानं फोडणी द्यायची, दुसऱ्यानं अलार्मखाली टॉवेल फडकवायचा. पाहुणे आले की त्यांनाही टॉवेल देत असू. नाना हालपेन्यो मिरच्यांचा ठेचा करायचा, तो खाल्ल्यावर तासभर कोणी कोणाशी बोलत नसे. टॉर्टिया तव्यावर तूप लावून भाजल्या की त्यांना आम्ही पोळ्या म्हणत होतो, आणि भूक लागलेली असली की त्या पोळ्या होतही.

दर रविवारी दिवाकर मेक्सिकन दुकानातून अख्खा कॅटफिश आणी आणि सिंकमध्ये साफ करी. ते मी दारातून पाहायचो. नाक दाबून, पण पाहायचो. त्याची बोटं त्या माशात अशी चालत की सुरी नुसती सोबतीला असावी. मी माझं पातेलं, माझी कढई, माझा चमचा वेगळा ठेवला होता. फ्रिजची वरची फळी निळ्या चिकटपट्टीनं आखून घेतली होती आणि त्या पट्टीवर मार्करनं लिहिलं होतं: ‘शुद्ध’. दुसऱ्या दिवशी नानानं त्यापुढे ‘गाढव’ लिहिलं. ते मी खोडलं. मग पुन्हा त्यानं लिहिलं. दिवाकर या वादात पडला नाही. एकदा फक्त त्यानं विचारलं, “तुह्या फळीवरचं दही घेऊ काय? हात धुतले आहेत.” मी म्हणालो, “सॉरी यार, आईनं निक्षून सांगितलंय.” आईनं असलं काहीही सांगितलं नव्हतं. माझी आई स्वतः लग्नाआधी मामांकडे जाऊन चोरून ऑम्लेट खात असे, हे तिनंच मला पुढे सांगितलं.

“शिकलास कुठे रे हे?” असं मी त्याला एका रविवारी विचारलं.

“आमच्या इकडं तलाव आहेत ना बाप्पा. आमचा बाप जाळं टाकते. मीबी टाकत होतो, बारावीपर्यंत.”

माझे वडील बँकेत आहेत हे मी ज्या सुरात सांगितलं असतं, त्याच सुरात त्यानं हे सांगितलं. मला मात्र गुप्तधन सापडल्यासारखं झालं. पुढचा महिनाभर मी त्याला जाळंवाले म्हणत होतो. गणपतीला सगळी मराठी पोरं जमली तेव्हा पंधरा जणांसमोर म्हणालो, “आमच्याकडे फिशचा स्पेशालिस्ट आहे. खानदानी!” सगळे हसले. दिवाकरही हसला, थोडा उशिरा. नाना हसला नाही. तो मोदकाकडे पाहत होता.

आता डॉक्टर टकर, आमचे प्रोफेसर. नाना त्यांना टक्करसाहेब म्हणे. दिवाकर आणि मी दोघंही त्यांच्या लॅबमध्ये होतो. केसाहून बारीक काचेचे दोन तंतू सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला टोक आणून जुळवायचे, हे तिथलं मुख्य काम. बारीक बारीक खुंट्या बोटांच्या टोकांनी, श्वास रोखून फिरवायच्या. मला एक जोड लावायला अख्खी दुपार लागे आणि त्यातले दोन तास शिव्या देण्यात जात. दिवाकर दहा मिनिटांत लावायचा आणि मग माझाही लावून द्यायचा. “तू बोल टकरसायबाशी,” तो म्हणायचा, “मी हे करतो.” अशी आमची वाटणी. थंडीत टकरनी आम्हा दोघांना बोलावून सरळ सांगितलं: उन्हाळ्यानंतर लॅबमध्ये एकालाच जागा आहे. कोण राहील ते मे महिन्यात सांगतो; दुसऱ्यानं आतापासून दुसरी लॅब शोधायला लागावं. दुसरी लॅब मिळणार नाही हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. जो राहणार नाही त्यानं बॅग भरायची. त्या दिवशी घरी येताना दिवाकर एवढंच म्हणाला, “बाबाले कसं सांगू?” त्याला वाटत होतं त्याचाच नंबर जाणार, कारण त्याला बोलता येत नाही. मला वाटत होतं माझाच जाणार, कारण मला काम येत नाही. आमच्या दोघांत खरा अंदाज माझा होता.

म्हणून मी टकरसाहेबांची नस शोधायला लागलो. ती शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर एकाही शास्त्रज्ञाचा फोटो नव्हता. सगळे मासे होते. एकच जात, हिरवट, मोठ्या तोंडाची, आणि प्रत्येक फोटोत तिला जबड्यात अंगठा घालून धरलेले, लहान मुलासारखे हसणारे टकर. ते त्या माशाला बॅस म्हणत. आम्ही सगळे देशी लोक बास म्हणत होतो. सुरुवातीला त्यांनी आमचा उच्चार सुधारायचा प्रयत्न केला, मग कंटाळले, आणि शेवटी आमच्याशी बोलताना स्वतःच गमतीनं बास म्हणायला लागले. “श्री, या शनिवारी तीन बास!” असं कॉरिडॉरमधून ओरडायचे. हे लक्षात ठेवा.

मी लायब्ररीत जाऊन मासेमारीची मासिकं वाचायला लागलो. थर्मोडायनॅमिक्स मी कधी असं वाचलं नव्हतं. गळ, शिसं, दोरा आणि आमिष कशाला कसं जोडायचं, या जोडणीला तिकडे रिग म्हणतात, आणि रिगचं एक शास्त्रच आहे. खोल पाण्यासाठी एक, दगडांसाठी एक, उथळ पाण्यासाठी तिसरी. गुडघाभर पाण्यात, गवतात, मासा घाबरट असतो. तिथे शिसं लावायचं नाही, नुसता रबरी किडा, आणि गळाचं टोक त्या किड्याच्याच पोटात लपवून ठेवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. माशानं चावा घेतला की झटका द्यायचा, मग टोक किड्यातून बाहेर येऊन माशात रुततं. मला हे फार आवडलं. शिवाय टकर मासा खात नसत. पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडून द्यायचा. म्हणजे माझी निळी चिकटपट्टीही शाबूत राहत होती. रात्री जेवताना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा दिवाकरचा घास हातातच राहिला.

“खायचा नाही तं पकडायचा काहून?”

“स्पोर्ट असतो तो.”

“त्याच्या तोंडाले भोक पाडायचं, अन् जाय म्हणायचं?”

“मर्दा, तू चुकीच्या देशात आलास,” नाना म्हणाला.

एवढं ज्ञान मिळवूनही टकरनी मला ते मासे पकडत त्या तळ्यावर बोलावलं नाही. ते माझं ऐकायचे, मान हलवायचे, आणि दिवाकरनं लावलेल्या जोडाचं कौतुक करायचे. तेव्हा मी माझं गुप्तधन बाहेर काढलं. एक दिवस त्यांच्या ऑफिसात, दार अर्धवट लोटून, पुण्यात ज्या आवाजात ‘ते लोक जरा...’ असं म्हणतात त्या आवाजात मी सांगितलं की दिवाकरचे वडील मासे पकडतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. माझी कल्पना अशी की त्यांच्या नजरेत त्याची पायरी थोडी खाली सरकेल. माणसाची पायरी कशानं घसरते याचा माझ्याकडचा नकाशा घरून आणलेला होता. तो टेक्सासमध्ये चालतो की नाही हे मी तपासलंच नव्हतं.

टकर खुर्चीतून उठले. “म्हणजे प्रोफेशनल?”

“हो...” मी म्हणालो.

“पिढ्यान्‌पिढ्या? आणि हे तू मला आज सांगतोस?” ते तसेच लॅबमध्ये गेले, दिवाकरच्या पाठीवर थाप मारली (त्याचा जोड हलला) आणि म्हणाले, “शनिवारी तू माझ्या बोटीत पुढे बसायचंस.” मग माझ्याकडे वळून, सभ्य माणूस असल्यामुळे, “श्री, तूसुद्धा ये.”

आज साठी उलटल्यावरही मला ते ‘तूसुद्धा’ ऐकू येतं.

शुक्रवारी आम्ही दोघं तळ्याकडच्या रस्त्यावरच्या, गळ-आमिषं विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवर सत्तरीच्या एक बाई होत्या, गळ्यात चष्मा, आणि बोलणं असं की तोंडात गरम बटाटा धरला असावा. दिवाकरला पुस्तकातलं इंग्रजी यायचं, लॅबमधलं यायचं, पण हे टेक्सासचं लांबलचक बोलणं त्याच्या कानात शिरतच नसे. दुभाष्या मी. टकर आम्हाला कुठे नेणार ते मी सांगितलं. बाई म्हणाल्या, तिथे तर मांडीभरसुद्धा पाणी नाही, सगळं गवत. रबरी किडा घ्या, शिसं नको, टोक लपवा. आणि काहीही करा, पण तीन तोंडांचे गळ तिथे नेऊ नका. शब्दन् शब्द माझ्या मासिकांशी जुळत होता.

“काय म्हणते ते?” दिवाकरनं विचारलं.

भिंतीवर एक लाल रंगाचा प्लास्टिकचा मासा टांगलेला होता, पोटाखाली एक आणि शेपटीखाली एक असे तीन-तीन तोंडांचे दोन गळ लोंबत असलेला. मी तो काढून त्याच्या हातात दिला. “म्हणतायत, हा घे.”

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. “एवढ्याशा पाण्यात? गवतात अटकंल ना बे.”

“तुमच्या तलावातले मासे अडाणी रे. इथल्यांना रंग लागतो.”

तो हसला. “तुले माहीत असंल. तू वाचलं आहे.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, हे तो उथळ पाण्यात वापरणार आहे? मी म्हणालो, त्याला रंग आवडलाय. त्यांनी दिवाकरकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. त्यानं त्यांना ‘थँक्यू मॅडम’ म्हटलं, मान लववून. स्वतःसाठी मी रबरी किड्यांचं पाकीट आणि साधे गळ घेतले आणि ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवले.

शनिवारची सकाळ फार सुरेख होती, हे मला कबूल केलं पाहिजे. सपाट बुडाची ॲल्युमिनियमची बोट, तळ्याच्या गवताळ कोपऱ्यात पाणी इतकं कमी की बूड मधूनमधून चिखलाला खरवडे. काळे पाणपक्षी, बेडकांचा आवाज, नानानं टॉर्टियात गुंडाळून दिलेल्या बटाट्याच्या भाजीचा वास. टकर मागे, मोटरपाशी. दिवाकर पुढे, टोकाला. मी मध्ये, सामानाजवळ. दिवाकरनं तो लाल मासा फेकला आणि तो पहिल्याच फेकीत गवतात अडकला. ओढून काढला, मूठभर गवत घेऊन आला. दुसऱ्या फेकीत तेच. तिसऱ्या फेकीत अख्खं झुडूप.

“काय रे, गवत कापायला आलास का?” मी मराठीत म्हणालो. “बैल तरी आणायचास सोबत.”

“काय म्हणतोय तो?” टकरनी विचारलं.

“त्याला धीर देतोय,” मी म्हणालो.

दिवाकरनं लाल मासा सोडवला, पुसला, पेटीत ठेवला. पाण्याकडे थोडा वेळ पाहत बसला. मग मला म्हणाला, “तुह्याजवळचा एक किडा दे ना.” मी ऐकू न आल्यासारखं केलं. टकरनी आपल्या डब्यातला दिला, आणि एक गळही. दिवाकरनं गळ किड्यात घातला, टोक बाहेर आलेलं पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि ते टोक वळवून परत किड्याच्या अंगात दाबून टाकलं. जे शोधायला मला लायब्ररीत सहा आठवडे लागले होते ते त्यानं एवढ्यात केलं. मग शिसं न लावता, मनगटाच्या नुसत्या हालचालीनं, गवताच्या दोन पुंजक्यांमधल्या मोकळ्या पाण्यात असं सोडलं की आवाजही झाला नाही. तिसऱ्या वेळी दोरा ताणला. हातभर मासा. टकर बोटीत उभेच राहिले, बोट कलंडता कलंडता वाचली. दिवाकरनं मासा धरला, तोंडातून गळ अलगद सोडवला, पाण्यात ठेवला आणि म्हणाला, “जाय.” टकर म्हणाले, “तशी फेक मला शिकव.”

एका प्रोफेसरनं विद्यार्थ्याला ‘मला शिकव’ म्हटल्यावर मे महिन्याची वाट पाहायची गरज उरत नाही. मी समजलो. माझी अवस्था काय होती तर माझा शास्त्रशुद्ध किडा दोनदा झाडात गेला होता आणि एकदा माझ्याच टोपीत. मग मी पेटीतला तो लाल मासा उचलला आणि माझ्या दोऱ्याला बांधला. का? मोठं आमिष, मोठा मासा. दुसरा काही विचार डोक्यात उरलाच नव्हता. फेकला. तो बोटीच्या पुढच्या टोकाजवळ, दिवाकरच्या बाजूला, गवतात अडकला.

तो अडकला हे टकरना कळू नये म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो, गळाची काठी मागे तशीच धरली, आणि बोलायला लागलो. उथळ पाण्यात दोऱ्याचा ताण कसा ओळखावा, यावर. माझ्या पाठीमागे दिवाकर हळूच म्हणाला, “थांब, ओढू नको. मी काढतो.” ऐकलं होतं का मी? कानावर आलं होतं. दिवाकरच्या गावाकडे जाळं तळाशी अडकलं की दोरीवरून हात सरकवत पाण्यात खाली जायचं आणि बोटांनी सोडवायचं, अशी रीत. त्यानं तसंच केलं. बोटीच्या काठावरून वाकून, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गढूळ पाण्यात घालून. माझ्या काठीला हालचाल लागली. जिवंत, बारीक हालचाल, अगदी मासिकात वर्णन होती तशी. मी झटका दिला.

“बास!” दिवाकर ओरडला. “बास, बास!”

“बास!” टकर आनंदानं ओरडले. मी मध्ये उभा, त्यांना माझ्यामागचं काही दिसत नव्हतं. “सेट द हुक, श्री! सेट इट!” म्हणजे झटका दे, गळ रुतव.

मंडळात सांगताना मी दोन झटके सांगतो. पहिला अजाणता, दुसरा टकरच्या हुकमावरून, आणि मग मी मागे वळतो आणि सगळे हसतात. खरं म्हणजे दुसऱ्या झटक्यानंतर मी मागे वळलो. दिवाकरचा चेहरा मला दिसला, माझ्याकडेच पाहत होता. त्याचा हात पाण्याच्या वर आला होता. एक गळ अंगठ्याच्या मुळाशी, दुसरा तळव्यात, मध्ये लाल प्लास्टिकचा मासा. “बास ना बे,” तो म्हणाला, आता हळू. आणि मी तिसरा झटका दिला. हात आधीच निघाला होता, मन नंतर पोचलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पण वेळ होता. मराठी माणसाला बास म्हणजे काय हे कळायला लागतो त्याहून जास्त वेळ होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी गळांची टोकं कापून ते काढले. एक गळ आत बराच फिरला होता, शिरेला लागला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये टकर डोकं धरून बसले होते, आणि धक्का बसलेल्या माणसाला येतं तसं हसू त्यांना मधूनच येत होतं. “हातात गळ रुतलाय, आणि हा पठ्ठ्या शेवटपर्यंत माशाचंच नाव घेतोय!” ते म्हणाले. “त्याला वाटलं तुझ्या गळाला बास लागलाय.”

तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. आमच्या भाषेत बास म्हणजे पुरे. मी दुभाष्या होतो, माझं कामच ते होतं. मी म्हणालो, “हो. तो फार उत्साही आहे.”

गाडीतून घरी येताना दिवाकरनं बँडेज मांडीवर ठेवलं होतं. “पाद्या, तुले बास समजलं नाही काय?”

“मला वाटलं मासा म्हणतोयस.”

तो म्हणाला, “हाव. शब्द तं एकच आहे.”

नाना एवढा भला नव्हता. संध्याकाळी तो दिवाकरला चमच्यानं वरणभात भरवत होता, आणि मी टॉवेल फडकवत होतो, कारण मिरच्या जळल्या होत्या. “काय ओरडला हा?” त्यानं मला विचारलं.

“बास.”

“आणि तू?”

“मला वाटलं...”

“मर्दा,” नानानं चमचा ताटात ठेवला, “तुझी मातृभाषा कुठली?”

अलार्म वाजतच होता. मी फडकवत राहिलो. नंतर नानानं टकरसाहेबांकडे जायचं काढलं तेव्हा दिवाकरनंच त्याला अडवलं. “सांगून हात दुरुस्त होते काय? मंग? उगाच पाद्याची जागाबी जाईल.” मी आतल्या खोलीत होतो. भिंत पातळ होती. हे वाक्य ऐकून मला जे वाटलं त्याला शरम म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे, पण ती सुटका होती.

तळ्याचं पाणी जखमेत गेलं होतं. हात सुजला, जखम पुन्हा चिरावी लागली. महिन्याभरानं सूज उतरली तेव्हा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटत नव्हती. मध्ये एक पेरभर अंतर राहत होतं. दिवाकर रोज लॅबमध्ये येई, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी आणि डाव्या हातानं खुंटी फिरवी. काचेचे तंतू एकमेकांशेजारून निघून जात. तासभर असं करून मग तो उठायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, “तू लाव.” मी शिव्या देत दुपारभरात एखादा लावत असे. मे महिन्यात टकरनी मला ठेवलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते खरोखर सज्जन होते. दिवाकरसाठी त्यांनी चार ठिकाणी पत्रं लिहिली. त्या पत्रांत त्याच्या हाताबद्दल लिहिणं त्यांना प्रामाणिकपणे भागच होतं. कोणी घेतलं नाही.

तो परत जाण्याच्या आधीच्या रविवारी टकरनी त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर सगळ्या लॅबला जेवायला बोलावलं. ग्रिलवर कणसं, मोठा टरबूज, पंचवीसेक माणसं. दिवाकरला त्यांनी ती काठी भेट दिली, जिच्यानं त्यानं मासा पकडला होता. मग सगळ्यांना जवळ बोलावून त्यांनी गोष्ट सांगितली. छान सांगितली; मी पुढे जी सांगत आलो तिच्या थांबायच्या जागा तिथूनच घेतल्या आहेत. तिथे मुलगा हातात गळ घेऊन उभा, रक्त वाहतंय, आणि ओरडतोय काय? लोक हसायला लागले होते. “नाही, नाही, माझ्यानं तसं होत नाही,” टकर म्हणाले. “दिवाकर, तूच दाखव. कसा ओरडलास?”

दिवाकरच्या मांडीवर कागदी ताट होतं. ते त्यानं डाव्या हातानं खाली गवतावर ठेवलं. उभा राहिला. आणि ओरडला, मोठ्यानं, अगदी त्याच आवाजात, माझ्याकडे बघत: “बास! बास! बास!”

पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. टकरच्या बायकोनं त्याला मिठी मारली. मीही टाळ्या वाजवत होतो. न वाजवून चाललं नसतं. तो परत येऊन माझ्या शेजारी बसला, टाळ्या अजून चालू होत्या. उजवा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला, बोटं अर्धवट मिटलेली, जशी ती आता राहत असत.

“वाजव, वाजव,” तो मला म्हणाला. “माह्या वाट्याच्याबी तूच वाजव.”

सगळे आमच्याकडे बघत होते. मी वाजवत राहिलो.